पकडला म्हणजे संपलं का? ७/११, मालेगाव, पहलगाम आणि आपण

ठाणेकर_फास्ट

मंडळी, जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ जुलैला मुंबई हायकोर्टाने ११ जुलै २००६ च्या म्हणजे ७/११ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातले बाराच्या बारा जण सोडले, त्यातल्या पाच जणांना २०१५ मध्ये खालच्या कोर्टाने फाशी सुनावली होती. आणि ३१ जुलैला एनआयएच्या (राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या) स्पेशल कोर्टाने मालेगावच्या २००८ च्या बॉम्बस्फोटातले सातही जण सोडले. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. आमच्या ग्रुपवर जी माणसं २१ तारखेला 'मग ती १८९ माणसं काय आपोआप मेली का' म्हणून थयथयाट करत होती त्यांनीच ३१ ला पेढ्यांचे फोटो टाकले. आणि माझेच काही पुरोगामी मित्र, २१ ला 'अखेर न्याय' आणि ३१ ला 'सगळं मॅनेज'. दोन्ही वेळेला कोर्टाने थोडक्यात एकच सांगितलं की बाबांनो पुरावा उभा राहत नाही. निकालपत्र कुणी उघडून पाहिलं असेल तर शपथ.

मला वाटतं आपला निकाल स्फोट झाला त्याच रात्री लागलेला असतो, पुढची एकोणीस वर्षं कोर्ट नुसतं टाइपिंग करतं.

एप्रिलमधलं आठवा. काश्मीरात पहलगामचा हल्ला झाला, २६ माणसं गेली, त्यातले सहा आपल्या महाराष्ट्रातले. चारपाच दिवसांत तो झिपलाइनचा व्हिडिओ फिरायला लागला. अहमदाबादचा पर्यटक सेल्फी स्टिक धरून हसत हसत वरून सरकतोय, खाली माणसं पळतायत, एक जण पडतो, ह्याला पत्ताच नाही. आणि सोडताना मागचा पोरगा दोनतीनदा अल्लाहू अकबर म्हणतो. झालं! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या पोराच्या तोंडाभोवती लाल गोल काढून फोटो आला, 'हाच तो, सिग्नल देत होता.' तपासवाल्यांनी त्याला बोलावलं, चौकशी केली. जूनमध्ये अतिरेक्यांना आसरा दिला म्हणून दोन स्थानिक माणसं पकडली त्यात हा नव्हता. तो लाल गोल मात्र अजून लोकांच्या गॅलरीत पडलाय, कुणी डिलिट केलेला नाही. त्याच आठवड्यात आमच्या सेक्रेटरींनी 'भाडेकरूंचं पोलिस व्हेरिफिकेशन तातडीने सादर करावे' असा मेसेज पाठवला, सगळ्यांना नाही हां, तीन फ्लॅटनाच, आडनावं तुम्हीच ओळखा.

माझा मुद्दा दयाबियाचा नाहीये. चुकीचा माणूस धरला की खरा माणूस सुटतो, एवढाच आहे. बोला.

खडूस_पेन्शनर

ठाणेकर, लिहिता छान पण एक गोष्ट सोयीस्कर गाळलीत. पहलगामच्या बैसरनला नाव विचारून, धर्म विचारून गोळ्या घातल्या. हे कुणा चॅनेलने नाही सांगितलं, नवरे डोळ्यादेखत गेलेल्या बायकांनी सांगितलंय, पोरींनी सांगितलंय. डोंबिवलीत एकाच नात्यातले तिघे गेले, तीन तिरड्या एकदम, मी त्या दिवशी भागशाळा मैदानापाशी गर्दीत उभा होतो. तिथे येऊन हे 'घाईने दोष देऊ नका' म्हणून दाखवलं असतंत का? लोकांनी दुःखाच्या वेळी काय पुराव्याचा कायदा वाचायचा? राग येणारच आणि यायलाच हवा. राग यायचा थांबला तर समजा आपण संपलो.

ठाणेकर_फास्ट

काका राग कुणावर यावा याबद्दल बोलतोय मी. गोळ्या ज्यांनी घातल्या त्यांच्यावर येऊ दे की. डेहराडून, चंदीगडकडच्या कॉलेजांतल्या काश्मिरी पोरांना 'उद्याच्या आत चालते व्हा' म्हणून धमकावलं, काहींना मारलं, त्या पोरांनी कुणाचा धर्म विचारला होता? आणि तुम्ही बायकांचं ऐका म्हणता ना, मग त्या नौदलाच्या अधिकाऱ्याच्या बायकोचं का नाही ऐकलं? लग्नाला आठवडा झालेला. ती म्हणाली मला न्याय हवाय पण मुसलमानांच्या, काश्मिरींच्या मागे लागू नका. त्यावरून तिला इतकं घाण घाण बोलले लोक की राष्ट्रीय महिला आयोगाला निषेधाचं पत्रक काढावं लागलं. म्हणजे विधवेचं दुःख आपल्याला तेव्हाच चालतं जेव्हा ती आपल्या मनातलं बोलते.

राष्ट्र_प्रथम_७७

आला नेहमीचा रडका सूर 😂 एका बाजूला २६ प्रेतं आणि ह्यांना झिपलाइनवाल्याची काळजी. स्लीपर सेल म्हणजे काय माहितीये का? स्थानिक मदतीशिवाय इतक्या आत येऊन मारून जाता येतं का? तुम्हीच लिहिलंय की दोन स्थानिक पकडले. मग संशय घेतला तर चुकलं कुठे? शंभरात नव्वदवेळा संशय बरोबरच निघतो.

वकिली_चष्मा

राष्ट्र_प्रथम, नव्वद हा आकडा कुठून आणलात? असो.

थोडं कायद्याचं बोलतो कारण वर पेढे आणि शिव्या दोन्ही निकाल न वाचता चाललेत. ७/११ चा पाया काय होता तर कबुलीजबाब. एरवी पोलिसांपुढे दिलेला जबाब कोर्टात चालत नाही, पण मोक्का म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा लावला की एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा चालतो. म्हणून मोक्का. हायकोर्टाला काय दिसलं, वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबात तेच्या तेच उतारे. मारहाणीच्या तक्रारी होत्याच. दुसरं, ओळख पटवणारे साक्षीदार. चर्चगेटला ह्यांना सोडलं असं सांगणारे टॅक्सीवाले शंभराहून जास्त दिवसांनी पुढे आले. मला सांगा, मुंबईचा टॅक्सीवाला दिवसाला किती भाडी मारतो, त्यातला एक चेहरा तीन महिन्यांनी? तिसरं, ओळखपरेड ज्यांनी घेतली त्यांना ती घ्यायचा अधिकारच उरला नव्हता असं कोर्ट म्हणतं. बॉम्ब नेमका कसला होता हेही सरकारी पक्षाला शाबीत करता आलं नाही. आता ह्यात 'निर्दोष' किती आणि 'शंकेचा फायदा' किती यावर रात्रभर वाद घालता येईल. सुप्रीम कोर्टाने २४ जुलैला एवढंच केलंय की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका. सुटलेल्यांना परत आत टाका असं म्हटलेलं नाही, हे परवा एका चॅनेलने धडधडीत उलटं चालवलं.

निकालाच्या सुरुवातीलाच एक गोष्ट आहे जी ठाणेकरांच्या मुद्द्याच्या अगदी जवळ जाते. कोर्ट म्हणतं की केस सुटल्याचा देखावा उभा केला की समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच फिरत राहतो.

विरार_स्लो

मी त्या दिवशी गाडीत होतो म्हणून लिहितो. मंगळवार होता, सिद्धिविनायकाची गर्दी. आमची गाडी माटुंगा रोडच्या अलीकडे थांबली आणि पुढे धूर. सहा वीस ते साडेसहाच्या आसपास, अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यात. फोन लागत नव्हते. आम्ही रुळावर उतरून चालायला लागलो, पाऊस पडत होता. माहीमच्या बाजूला रुळांलगतच्या वस्तीतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावत होती, चादरीत घालून माणसं उचलत होती, रक्ताने चादर जड होऊन फाटायची मग दुसरी आणायची. त्या वस्तीत कोण कुठल्या धर्माचं हे तेव्हा कुणी बघितलं नाही आणि दुसऱ्या दिवशी चॅनेलवर 'स्पिरिट ऑफ मुंबई' चालू झालं तेव्हा ह्या चादरवाल्यांचं नाव पण नव्हतं.

आता माझं मत सांगतो, ठाणेकर तुम्हाला आवडणार नाही. मला २१ जुलैचा निकाल पटलेला नाही. आमच्या ग्रुपमधला एक माणूस गेला, रोज चर्चगेटहून जागा पकडायचा आमच्यासाठी. एकोणीस वर्षांनी मला सांगतात की कुणीच नाही केलं. जबाब सारखे असतील, टॅक्सीवाला उशिरा आला असेल, सगळं मान्य, पण मग माझ्या माणसाचं काय? तुम्ही वकील लोक पुराव्याची भाषा बोलता, चादरीची भाषा कोण बोलणार.

वकिली_चष्मा

विरार, तुमच्या रागाला उत्तर नाही माझ्याकडे. पण एक सांगतो, तो तुम्ही हायकोर्टावर काढताय. २००८ मध्ये मुंबईच्याच क्राइम ब्रँचने इंडियन मुजाहिदीनचा एक जण पकडला, त्याने जबाब दिला की लोकलचे स्फोट आम्ही केले. नंतर कोर्टात तो फिरला, ते वेगळं. पण तेव्हा एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, पकडलेली वेगळी माणसं आधीच आत होती. एका गुन्ह्याची दोन वेगवेगळी उत्तरं एकाच शहराच्या पोलिसांकडे, आणि पुढे जाऊन नीट कुणी तपासलंच नाही कारण पहिलं उत्तर प्रेस कॉन्फरन्समध्ये देऊन झालेलं होतं. तुमच्या माणसाला न्याय मिळायची दारं तिथे बंद झाली.

खाकीच्या_घरातली

आता माझं ऐका. माझे बाबा पोलिसात होते, ७/११ च्या रात्री बंदोबस्ताला गेले ते तिसऱ्या दिवशी घरी आले, पाय सुजून बूट निघत नव्हते. सगळे पोलिसांवर घसरलेत म्हणून विचारते, स्फोटानंतर चोवीस तासांत 'आरोपी कुठे आहेत' हे कोण ओरडतं? तुम्हीच ना? चॅनेलवर घड्याळ लावतात, 'हल्ल्याला ४८ तास, पोलिसांचे हात रिकामे'. मंत्री वरून फोन करतो, पेपरवाले खालून. पत्रकारांना रोज काहीतरी द्यावं लागतं. अशात तपास करून दाखवा तुम्ही. २६/११ ला तर आत कमांडो कुठे उतरतायत हे लाइव्ह दाखवलं चॅनेलनी, कराचीत बसलेले बघून फोनवर सूचना देत होते. सुप्रीम कोर्टाने कसाबच्या निकालात चॅनेलना चांगलं झापलंय त्यावरून. कुणाला शिक्षा झाली? कुणालाच नाही. सगळा दोष मात्र हवालदाराच्या माथी.

बाबा म्हणायचे लोकांना तपास नको असतो, फोटो हवा असतो, चार पोलिस आणि मधे बुरखा घातलेले तीन जण. तो छापून आला की लोकलमधली चर्चा थांबते.

ठाणेकर_फास्ट

ताई तुम्ही माझीच बाजू मांडलीत की!

खाकीच्या_घरातली

अजिबात नाही. तुमची बाजू अशी की लोकांनी घाई केली. माझी अशी की त्या घाईचं बिल पोलिसांवर फाडू नका. दोन्हीत फरक आहे. आणि अजून एक, पोलिसांनी खोटं केलं असं सरसकट लिहू नका, कसाबला काठी घेऊन भिडलेले तुकाराम ओंबळे पण पोलिसच होते.

वकिली_चष्मा

ओंबळे यांचं नाव काढलंत ते फार बरं झालं. त्यांच्यामुळे कसाब जिवंत सापडला आणि म्हणूनच पाकिस्तानपर्यंतचा धागा कोर्टात शाबीत झाला. त्या रात्री जमावाच्या हाती लागला असता तर तुकडे केले असते आणि आपण टाळ्या वाजवल्या असत्या आणि पुरावा गेला असता कचऱ्यात. खटला चालला तेव्हा किती बोंब, बिर्याणी खायला घालताय म्हणून. ते बिर्याणीचं तर सरकारी वकील उज्ज्वल निकमांनी नंतर स्वतःच सांगितलं की तसं काही नव्हतं, सहानुभूतीची लाट मोडायला मीच बोललो होतो. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली, चार वर्षांत, सगळ्या पायऱ्या चढून.

आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते, त्यांनी नकाशे काढून दिले असा आरोप. तो नकाशा म्हणे मेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात मिळाला. पँट रक्ताने भिजलेली आणि नकाशा कोरा करकरीत, ना डाग ना चुरगळ. खालचं कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट तिघांनी त्या दोघांना सोडलं. ज्या न्यायाधीशाने कसाबला फाशी दिली त्यानेच ह्यांना सोडलं, त्याला तेव्हा कुणी देशद्रोही म्हटलं नाही कारण सगळं लक्ष कसाबवर होतं.

राष्ट्र_प्रथम_७७

अपवाद सांगू नका. पुण्याच्या जर्मन बेकरीचं सांगा ना मग, १३ फेब्रुवारी २०१०, १७ मेले. त्यात पकडलेला होता की नाही गुंतलेला?

वकिली_चष्मा

सांगतो. २०१३ मध्ये पुणे कोर्टाने फाशी दिली, २०१६ मध्ये हायकोर्टाने कटाच्या आरोपातून सोडलं पण स्फोटकं बाळगल्याची जन्मठेप कायम ठेवली, खोट्या कागदपत्रांचीही शिक्षा ठेवली. म्हणजे तुमच्या गटाला वाटतं तसा 'बॉम्ब ठेवणारा' नाही आणि दुसऱ्या गटाला वाटतं तसं 'बिचारं पोरगं' पण नाही. हे असं मधलं काही असलं की दोन्हीकडचे गप्प बसतात. ह्या निकालावर एक तरी धागा निघालेला आठवतो का कुणाला?

मालेगावचा_माग

मी बऱ्याच वेळापासून वाचतोय, आता लिहितो. मराठी माझं सराईत नाही, घरी दखनी बोलतो, सांभाळून घ्या.

८ सप्टेंबर २००६, जुम्मा आणि शब-ए-बारात एकाच दिवशी. बडा कब्रस्तानात हमीदिया मशिदीपाशी स्फोट झाला, मुशावरत चौकात झाला. तीसच्या वर माणसं मेली, त्यात भीक मागायला बसलेली लहान लहान लेकरं होती. मेलेले आमचे आणि पकडले पण आमचेच नऊ जण. टीव्हीवर सांगितलं की मुसलमानांनीच केलं, दंगल व्हावी म्हणून. पाच वर्षं आत, २०११ मध्ये जामीन, २०१६ मध्ये कोर्टाने आरोपातून मोकळं केलं, तोवर त्यातला एक वारला होता. त्यांच्या घरी कोण सोयरीक करणार? गल्लीतलेच करत नव्हते. यंत्रमागावर कामाला घेत नव्हते. लोक म्हणतात बाहेरच्यांनी दोष दिला, मी म्हणतो आमच्या मोहल्ल्यानेही सलाम करणं सोडलं होतं. भीती अशी असते.

मग २९ सप्टेंबर २००८, भिक्कू चौक, रमजानचा महिना, मोटारसायकलला बांधलेला बॉम्ब, सहा जण गेले. ह्यावेळी दुसऱ्या धर्माचे पकडले. तेव्हा आमच्याकडे काही लोक खूश झाले, खोटं कशाला बोलू, चहाच्या टपरीवर बोलायचे की बघा, आता कळलं. आता ३१ जुलैला तेही सुटले. कोर्टाने मेलेल्यांच्या घरच्यांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार द्यायला सांगितलं. म्हणजे दोनदा स्फोट झाले, दोन वेगळ्या धर्माची माणसं आत गेली आणि भिक्कू चौकात बॉम्ब कुणी ठेवला हे आज कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. पेढे कसले वाटता आणि छाती कसली बडवता? दोन्ही निकालांत माझ्या गावची कबरं तशीच आहेत.

खडूस_पेन्शनर

मालेगाववाले, तुमचं लिहिणं मनाला लागलं, खोटं नाही. पण एक सांगा, २००८ नंतर 'भगवा दहशतवाद' म्हणून जो गाजावाजा झाला तोही घाईचाच दोष होता ना? दिल्लीपासून मंत्री बोलत होते. एका लष्करी अधिकाऱ्याने नऊ वर्षं तुरुंगात काढली. त्याबद्दल ठाणेकरांनी मूळ पोस्टमध्ये एक ओळ लिहिली नाही. घाईचा राग सिलेक्टिव्ह का?

ठाणेकर_फास्ट

लिहिली नाही हे खरं पण माझा मुद्दा त्याने मोडत नाही, वाढतो. तेही घाईतच झालं. मंत्र्यांनी खटला चालायच्या आत धर्माचं विशेषण लावलं, मग केस पुराव्याची उरलीच नाही, पक्षाची झाली. सरकार बदललं की केसचा सूर बदलला. २०१५ मध्ये सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी उघड सांगितलं की मला सौम्य व्हायला सांगितलंय. आता त्यात नुकसान कुणाचं? भिक्कू चौकाचं. आणि मालेगाव २००८ चा तपास करणारे एटीएस प्रमुख हेमंत करकरे २६/११ ला गेले तर त्यांच्या मरणावरही लगेच तर्ककुतर्क, अंतुले केंद्रात मंत्री होते, संसदेच्या आवारात बोलून मोकळे की ह्यात काहीतरी आहे म्हणून, पुढे कॉंग्रेसलाच सारवासारव करावी लागली. घाई एका बाजूची मक्तेदारी नाहीये काका, एवढं मान्य.

माद्रिदचा_सातारकर

इकडचं एक सांगतो, बघा लागू पडतं का. ११ मार्च २००४, सकाळी कामावर जायच्या वेळी माद्रिदच्या चार लोकल गाड्यांत दहा बॉम्ब फुटले, १९० च्या वर माणसं गेली. तीन दिवसांवर निवडणूक. सरकारने त्याच दिवशी सांगितलं की हे ईटीएचं काम, म्हणजे बास्क फुटीरवाद्यांचं. नुसतं सांगितलं नाही, संपादकांना पंतप्रधानाने स्वतः फोन केले आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडून त्याच दिवशी ठराव करून घेतला, त्यात ईटीएचं नाव लिहून! निघाले जिहादी. लोक तीन दिवसांत रस्त्यावर आले, विचारत होते, कुणी केलं? सरकार पडलं. गंमत म्हणजे आज वीस वर्षांनीही इथे असे लोक भेटतात जे म्हणतात ईटीएनेच केलं, कोर्ट खोटं बोलतंय. एकदा मनात गेलं की निघत नाही.

राष्ट्र_प्रथम_७७

म्हणजे तिकडे पण शेवटी जिहादीच निघाले 😂😂 थँक्यू सातारकर, मुद्दा माझाच.

माद्रिदचा_सातारकर

तुम्हाला काहीही वाचायला दिलं तरी तुम्ही त्यातून तेवढंच उचलणार, सवय आहे.

कोथरूडची_मावशी

मला एक विचारायचंय. पहलगामला आम्ही मागच्या वर्षी जाऊन आलो. बैसरनला गाडी जात नाही, घोड्यावर नाहीतर पायी, चिखलातून, दगडातून. वर एवढे लोक आणि एक पोलिस दिसला नव्हता तेव्हाही, मी ह्यांना म्हटलं होतं की अहो इथे काही झालं तर खाली कोण सांगणार. कर्वेनगरातले गेले, पुण्यातले दोन, मला त्या आठवड्यात झोप नव्हती. पण टीव्हीवर बघावं तर काय, झिपलाइनवाला कोण, घोडेवाला कोण, शालवाला कोण. अहो तो एक घोडेवाला पर्यटकांना वाचवायला गेला आणि गोळी खाऊन मेला, २६ मधला एक तोच स्थानिक. आणि सुरक्षा का नव्हती हे विचारलं की म्हणायचे ही वेळ नाही राजकारणाची. बरं मग वेळ कधी? जुलैत उपराज्यपाल मनोज सिन्हा म्हणाले की ही सुरक्षेतली चूक होती, जबाबदारी मी घेतो. तोवर आमच्याकडच्या ग्रुपात सगळे पुढच्या ट्रिपचं बुकिंग करत होते. ज्याने उत्तर द्यायचं त्याला अडीच-तीन महिन्यांचा वेळ आणि झिपलाइनवर पट्टा बांधणाऱ्या पोराला अर्धा तास पण नाही.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये काश्मीरच्या दोन मुली राहतात शिकायला. त्यांच्या घरमालकाला एकाने फोन केला होता एप्रिलमध्ये, खोली कधी रिकामी करताय म्हणून. मालक म्हातारा, पक्का सदाशिवपेठी, तो म्हणाला 'अकरा महिन्यांचा करार आहे, बारावा महिना लागला की विचारा' आणि ठेवला फोन. एवढं पुरलं.

खडूस_पेन्शनर

मावशी 'झालं असतं तर कोण सांगणार' हा प्रश्न योग्य आहे. जबाबदारी वरच्यांनी घ्यायला हवी. २००८ मध्ये मुंबईत तरी घेतली होती, शिवराज पाटील, आर. आर., विलासराव, तिघेही राजीनामे देऊन गेले. आर. आर. आबा 'बडे शहरों में' वगैरे बोलून बसले त्यावरून आपण त्यांना उभं जाळलं, माणूस मुळात सरळ होता. आता तर कुणी जात नाही.

पण मी मूळ मुद्द्यावर परत येतो. चुकीची माणसं पकडली म्हणता, ठीक. मग बरोबर कोण? पहलगामला निदान २८ जुलैला ते तिघे मारले, गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की हेच ते, त्यांच्याकडच्या रायफली आणि तिथली काडतुसं जुळली. तिथे आपला राग ठीक ठिकाणी लागला. ७/११ चं काय? वकीलसाहेब, आता पुढे होणार काय ते सांगा, भाषण नको.

वकिली_चष्मा

भाषण नाही. सरकारने सुप्रीम कोर्टात अपील केलंय, ते त्याच बारा जणांविरुद्ध, त्यातला एक तर २०२१ मध्येच नागपूरच्या जेलमध्ये कोरोनाने वारला. अपिलात नवीन तपास होत नाही. असलेला पुरावा पुन्हा वाचला जातो. 'मग केलं कुणी' हा प्रश्न अपिलात येतच नाही. तो विचारायचा तर सरकारला म्हणावं लागेल की पुन्हा पहिल्यापासून तपास करा, आणि तसं म्हणणं म्हणजे आधीचा तपास फसला हे लिहून देणं. कुठलंही सरकार ते करणार नाही, काँग्रेसचं नाही, भाजपचं नाही. लोकांनी मागणी केली तर गोष्ट वेगळी.

विरार_स्लो

मग मागणी करू. मी सही करतो. आमच्या गाडीतले अजून वीसेक जण करतील.

खडूस_पेन्शनर

मीपण करतो. मसुदा वकीलसाहेबांनी लिहावा, मराठीत, सोप्या. मला काही तुमचं सगळं पटलेलं नाही हे नोंदवून ठेवतो.

मालेगावचा_माग

त्यात मालेगाव पण घाला. २००६ आणि २००८ दोन्ही. आमच्याकडून पाहिजे तेवढ्या सह्या आणतो.

ठाणेकर_फास्ट

घालूच. एकाच पत्रात तिन्ही.

राष्ट्र_प्रथम_७७

७/११ असेल तर माझी पण सही धरा, मनापासून. मालेगाव २००८ काढा. त्या लोकांनी सतरा वर्षं भोगलंय, परत त्यांच्या मागे लागायचं नाही.

मालेगावचा_माग

त्यांच्या मागे कोण लागतंय भाऊ, ते सुटले ना. ज्याने ठेवला त्याला शोधा म्हणतोय.

राष्ट्र_प्रथम_७७

शब्दांचे खेळ आहेत हे. कोण निघावं असं तुम्हाला वाटतंय ते कळतंय.

विरार_स्लो

अहो मग ७/११ मध्ये कोण निघावं असं तुम्हाला वाटतंय ते पण कळतंय की आम्हाला. सही करताय का नाही तेवढं सांगा.

राष्ट्र_प्रथम_७७

मालेगाव काढलं तर.

वकिली_चष्मा

मी मसुदा लिहायला घेतोय, तिन्ही घटना राहतील. रविवारपर्यंत टाकतो इथे. ज्याला करायची त्याने करावी.